दानीएलाचं ताट

दहाच दिवस का मागितले असतील? बाबेलच्या राजवाड्यात यहूदाहून धरून आणलेली चार मुलं, तीन वर्षांचा अभ्यासक्रम, राजाच्या मुदपाकखान्यातून रोज येणारं मिष्टान्न आणि द्राक्षारस. त्यातला एक, दानीएल, कारभाऱ्याला म्हणतो की आम्हाला दहा दिवस नुसतं शाकान्न आणि पाणी देऊन बघ. मग आमचे चेहरे आणि राजाचं अन्न खाणाऱ्यांचे चेहरे पाहून काय ते ठरव. दहा दिवसांनी हे चौघे अधिक तजेलदार आणि अंगाने भरलेले दिसले. दानीएलाच्या पुस्तकातला हा पहिलाच अध्याय. श्रद्धा, आहार आणि अभ्यास या तिन्ही गोष्टी इतक्या जवळजवळ आणणारी दुसरी गोष्ट बायबलमध्ये सहज आठवत नाही, म्हणून ख्रिस्ती घरांत परीक्षेच्या दिवसांत ती पटकन हाताशी येते. प्रार्थना कर, भाज्या खा, अभ्यासाला बस, दानीएलाचं बघ. माझं घोडं या ‘बघ’पाशी अडतं.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, तशी ही दहा दिवसांवरून तीन वर्षांची परीक्षा. ही म्हण आपण इतक्या सहज वापरतो की तिच्यामागची अट विसरतो. एक शीत बोटांत दाबून सगळा भात शिजला की नाही ते कळतं, कारण सगळी शितं एका पातेल्यात, एका आचेवर, सारखाच वेळ असतात. जुना आणि नवा तांदूळ एकत्र झाला असेल तर म्हण फसते. एक शीत गाळ आणि दुसरं करकरीत. तळ लागलेलाही वरच्या शितावरून कळत नाही. आणि मुख्य म्हणजे शीत दाबून भात शिजल्याचं समजतं, तो पचेल की नाही ते नाही. आता दानीएलाची परीक्षा पाहा. एका बाबतीत ती फार शहाणी आहे. तुलनेला दुसरा गट आहे आणि निकाल देणारा माणूस परका आहे. वैद्यकीय चाचण्यांच्या इतिहासात या अध्यायाचा उल्लेख कौतुकाने होतो तो यासाठीच. पण मोजलं काय? चेहरा. तोही चार मुलांचा, आणि ही मुलं मुळात धडधाकट, देखणी, हुशार म्हणूनच निवडून आणलेली. शिवाय ती ‘अंगाने भरली’ याला तेव्हा निरोगीपणाची खूण मानलं. आजचे आहारतज्ज्ञ कदाचित कपाळाला आठ्या घालतील. बुद्धीची परीक्षा पुढे, तीन वर्षांनी, राजासमोर झाली. त्या विद्येचं श्रेय पुस्तक देवाला देतं, डाळ-भाजीला नाही. सतराव्या वचनात ते स्वच्छ लिहिलेलं आहे.

यावर कुणी म्हणेल, श्रेय कुणाचंही असो, सात्त्विक आहाराने अभ्यास बरा होतो हे तर खरं ना? असेल. तळकट खाऊन पुस्तकावर पेंगणारं पोर सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पण त्यासाठी दानीएल साक्षीला आणता येत नाही, कारण तोच साक्ष फिरवतो. दहाव्या अध्यायात, बऱ्याच वर्षांनी, तो शोक करत तीन आठवडे राहिला आणि त्या काळात त्याने रुचकर अन्न, मांस, द्राक्षारस यांतलं काही घेतलं नाही, असं सांगितलं आहे. म्हणजे एरवी घेत असला पाहिजे. हल्ली एकवीस दिवसांचा जो ‘दानीएल उपवास’ करतात, त्याचे दिवस या दहाव्या अध्यायातले आणि ताट पहिल्या अध्यायातलं. दोन वेगळे प्रसंग, दोन वेगळी कारणं.

मग पहिल्या अध्यायातलं कारण कोणतं? नेहमीचं उत्तर म्हणजे मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे ते अन्न अशुद्ध होतं. पण द्राक्षारसाला नियमशास्त्राची सरसकट बंदी नाही. मूर्तीला वाहिलेलं असेल म्हणावं, तर भाजीही वाहिलेली असू शकते. तिसरं उत्तर मला जास्त पटतं: ज्याच्या ताटात जेवायचं त्याचे मिंधे व्हायचं, आणि दानीएलाला ते नको होतं. पण तिथेच खरी अडचण उभी राहते. त्याच दानीएलाने बाबेलचं नाव घेतलं. बेल्टशस्सर म्हटलं तर तो ओ देत होता. त्याने खास्दी लोकांची विद्या आणि भाषा शिकायला नकार दिला नाही, आणि त्या विद्येत शकुन, ग्रहतारे, स्वप्नांचे अर्थ हे सगळं आलं. ताट नाकारलं आणि ग्रंथ स्वीकारले. एकनिष्ठ यहुद्याच्या श्रद्धेला जास्त धोका कशाने होता, मांसाच्या तुकड्याने की त्या ग्रंथांनी? रेघ त्याने जेवणापाशी ओढली, अभ्यासापाशी नाही, आणि का ते अध्यायात नाही.

अशी रेघ आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी उलट्या बाजूने ओढलेली दिसते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. श्रद्धा बदलली, विद्या इंग्रजांची घेतली, चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात शिकल्या आणि शिकवलंही, पण ताट बदललं नाही. मांसाहार त्यांनी केला नाही. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांना त्यात जातीचा उरलेला अभिमान दिसला. रमाबाईंनी उत्तर दिलं तेही तिखट: हवं तर माझा अभिमान पुडिंगात आणि लोणी-दुधातही शोधा, अशा अर्थाचं. पूर्वजांच्या ज्या चालीरीती नव्या श्रद्धेच्या आड येत नाहीत त्या आपण ठेवणार, ही त्यांची भूमिका. पौलाला हे कसं वाटलं असतं? रोमकरांना लिहिलेल्या पत्रात तो फक्त भाजीपाला खाणाऱ्याला विश्वासाने दुबळा म्हणतो, आणि लगेच बजावतो की सगळं खाणाऱ्याने त्याला तुच्छ लेखू नये. बाबेलमध्ये जे बळ ठरलं ते रोममध्ये दुबळेपण ठरतं. रमाबाई कुठल्या खात्यात टाकायच्या? त्यांना दुबळ्या म्हणायला निदान माझी जीभ रेटत नाही.

त्याच वर्षी, १८८३ मध्ये, आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या. त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत, पण फिलाडेल्फियात ख्रिस्ती लोकांच्या आधाराने राहून आपला शाकाहार सांभाळत त्यांनी वैद्यकाचा अभ्यास केला. मार्च १८८६ मध्ये त्यांना पदवी मिळाली, आणि तो समारंभ पाहायला रमाबाई मुद्दाम अमेरिकेला गेल्या. पुढच्या फेब्रुवारीत आनंदीबाई पुण्यात क्षयाने वारल्या, वय एकवीस. आहारामुळे असं मी म्हणणार नाही. थंडी होती, कष्ट होते, आणि क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. पण या एका शितावरून ‘आहाराने घात केला’ म्हणता येत नसेल, तर त्या दहा दिवसांवरून ‘आहाराने यश दिलं’ असंही म्हणता येत नाही.

रमाबाईंचा विषय निघाला की त्यांचा केडगावचा आश्रम टाळता येत नाही, आणि तिथे माझा हा सगळा हिशेबच विस्कटतो. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो उपाशी मुली आणि बायका आणल्या. स्वतः रमाबाईंचे आईवडील अन्नान्न दशेत गेले होते. केडगावला आलेल्या मुलींना आधी जेवण मिळालं, मग अक्षरं, छापखाना, विणकाम, शेती, आणि त्याबरोबर प्रार्थना. अशांना ‘पोटासाठी बाटले’ म्हणणारे पुष्कळ होते. म्हणणाऱ्यांची पोटं भरलेली होती हे उत्तर सोपं आहे, पण पुरेसं नाही. देणाऱ्याच्या ताटाने माणूस मिंधा होतो हे मीच वर दानीएलाच्या बाजूने मान्य केलं आहे. मग केडगावच्या ताटाला वेगळा नियम का लावायचा? राजाचं ताट मुलांना आपलं करून टाकण्यासाठी होतं आणि केडगावचं त्यांना जगवण्यासाठी, असा फरक करावासा वाटतो. तो पूर्ण टिकत नाही, कारण केडगावलाही मुली ख्रिस्ती व्हाव्यात ही इच्छा होतीच. एवढं मात्र दिसतं की समोर भरलेलं ताट असल्याशिवाय दानीएलालाही नकार देता आला नसता. आहाराची निवड हा शब्दच पोटात अन्न पडल्यानंतरचा आहे.

हे सगळं सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचं, त्याचं आजच्या दहावी-बारावीशी काय, असा आक्षेप रास्त आहे. पण ख्रिस्ती उपवासकाळ आणि आपल्या बोर्डाच्या परीक्षा दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास एकमेकांवर येतात, आणि हा प्रश्न वसईपासून अहिल्यानगरपर्यंत कित्येक घरांत तेव्हा जेवायला बसतो. कॅथलिक चर्चचा कायदा इथे आपल्यापेक्षा सैल आहे. मांस वर्ज्य करण्याचं बंधन चौदा पूर्ण झाल्यावर, आणि उपवासाचं अठरा पूर्ण झाल्यापासून साठाव्या वर्षात पाऊल टाकेपर्यंत. वाढत्या अंगाला उपाशी ठेवू नये हे चर्चला ठाऊक आहे. प्रोटेस्टंट मंडळ्यांत हे पुष्कळसं ज्याच्या त्याच्यावर सोडलेलं असतं. तरी सोळा वर्षांच्या मुलाने आपणहून एक वेळ जेवायचं ठरवलं, तर त्याला कायदा दाखवून थांबवावं का? अभ्यास बिघडेल म्हणून श्रद्धेला सुट्टी द्यायची, तर परीक्षा हाच देव झाला. आणि श्रद्धेपायी चक्कर येऊन पेपर बुडाला, तर त्याने देवाचा काय गौरव होणार? दोन्ही बाजू मला सारख्याच खऱ्या वाटतात, आणि दानीएल मदतीला येत नाही; त्याला ना पेपर बुडण्याची भीती होती, ना भुकेची.

एक गोष्ट मात्र त्या अध्यायात निःसंशय आहे. दहा दिवसांची ती मागणी मुलाने स्वतः केली होती. त्याच्या आईबापांचा तिथे उल्लेखही नाही. तेव्हा येत्या उपवासकाळात दानीएलाचं नाव घेऊन घरातलं ताट बदलणार असाल, तर ज्याची परीक्षा आहे त्याला आधी विचारा.