शिर्डी ते येवला पायी : ओझे कुणी वाहायचे?

शिर्डी म्हटले की साईबाबांचे मंदिर, दर्शनाच्या रांगा आणि हारफुलांची दुकाने डोळ्यांपुढे येतात. पण त्याच शिर्डीपासून उत्तरेला तीस-पस्तीस किलोमीटरवर येवला आहे, हे आपल्या पुष्कळ बांधवांच्या ध्यानात नसते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी 'हिंदू म्हणून मरणार नाही' अशी घोषणा जिथे केली, ते हे येवला, आपली मुक्तिभूमी. दादरहून साईनगर शिर्डीपर्यंत रेल्वे येते. म्हणून गेल्या ऑक्टोबरात आमच्या वस्तीतील आम्ही अठरा जण शिर्डीला उतरलो आणि तिथून दोन दिवसांत पायी येवल्याला गेलो. आमच्यात साठी ओलांडलेल्या चार जणी होत्या आणि शाळेत जाणारी तीन मुलेही होती.

शिर्डीच्या रस्त्याला पायी माणसांची सवय आहे. रामनवमी, गुरुपौर्णिमा, दसरा आला की मुंबईहून घोटी-सिन्नरमार्गे पालख्या येतात. पालखीमागे टेम्पो असतो. त्यात वळकट्या, कपड्यांच्या पिशव्या, स्वयंपाकाची पातेली. चालणाऱ्याच्या खांद्याला पाण्याची बाटली एवढेच. पंढरपूरच्या दिंड्यांमागेही असेच ट्रक चालतात. दूर स्पेनमध्ये सांतियागोच्या यात्रेला पायी जाणारे लोकही पैसे देऊन आपली पिशवी पुढच्या मुक्कामी गाडीने पाठवतात. आम्हीही एक छोटा टेम्पो ठरवला.

सकाळी पाचला सामान चढवताना आमच्यातील एक आजी म्हणाल्या, "माझे सासरे साहेबाची पेटी डोक्यावर घेऊन पुढच्या गावच्या शिवेपर्यंत जायचे. मजुरी कसली अन् काय! नाही म्हणायची सोयच नव्हती."

मुले ऐकतच राहिली. त्यांना आम्ही वाटेने चालता चालता सांगितले. गावात फिरतीवर आलेल्या सरकारी अंमलदाराचे सामान एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचवणे हे महारकीचे काम होते. वतनाच्या तुटपुंज्या जमिनीच्या आणि बलुत्याच्या बदल्यात रात्री-अपरात्री हाक आली की जावे लागे. घरचा कर्ता माणूस नसेल तर दुसऱ्या कुणाला तरी जावे लागे. ही वेठ मोडावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन सुधारणेचे विधेयक आणले. ते त्या वेळी तडीस गेले नाही. अखेर १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने रद्द झाली. म्हणजे आजींच्या सासऱ्यांच्या डोक्यावरचे ओझे उतरायला केवढा काळ लागला!

मग दुसऱ्याच्या गाडीत आपले ओझे ठेवून आपण मोकळे चालावे, हे बरे की वाईट? यावर आमच्यात सावळीविहीर येईपर्यंत चर्चा झाली. शेवटी सर्वांचे एकमत झाले. ओझे वाहणे हे काम आहे, आणि कामाला दाम व मान दोन्ही मिळाले पाहिजेत. वेठ आणि मजुरी यांत हाच फरक. आपल्या महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला, तोही पाठीवर ओझी वाहणाऱ्यांच्या लढ्यामुळेच.

म्हणून आम्ही तीन नियम केले. पहिला, स्वतःला एका हाताने उचलता येईल एवढीच पिशवी प्रत्येकाने आणायची आणि ती टेम्पोत स्वतः चढवायची-उतरवायची. दुसरा, टेम्पोवाल्या दादांचे पैसे आधी ठरवायचे. जेवण आमच्याच पंगतीत आणि झोपायला जागाही आमच्याबरोबर. तिसरा, ज्याला चालवेना त्याने न लाजता टेम्पोत बसायचे.

हलके चालणे हा तर आपल्या धम्माचाच संस्कार. भगवान बुद्धांनी भिक्खूंना बहुजनांच्या हितासाठी गावोगाव चारिका करायला सांगितले. त्यांच्याजवळ काय असे? तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळायचे फडके. या आठ वस्तूंत त्यांचा संसार आटोपत असे. २०२३ साली थायलंडचे भिक्खू परभणीहून मुंबईच्या चैत्यभूमीपर्यंत पायी आले, तेही याच परंपरेने.

पहिल्या दिवशी ऊन चढायच्या आत आम्ही कोपरगाव गाठले. दोन्ही बाजूंना उसाचे फड, काळी जमीन, मध्येच कालव्याचे पाणी. कोपरगावला गोदावरीचा पूल लागतो. पुलावर आम्ही थोडे थांबलो. हीच नदी वर नाशिकला रामकुंडावरून येते. १९३० साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तो त्याच नाशिकला. पाच वर्षे आपल्या लोकांनी लाठ्या-दगड सोसले, तरी दार उघडले नाही. मग येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी ती वाटच सोडून दिली आणि दुसरी वाट दाखवली. नाशिकचे ते बंद दार आणि येवल्याचे मोकळे मैदान यांच्यातले अंतर मुलांना त्या पुलावर समजले.

रात्री एका विहारात मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी येसगाववरून येवला. चालणे थोडे जास्त, पण पाय सरावले होते. टेम्पो पुढे जाऊन सावलीला थांबे. १३ तारखेच्या दुपारी मुक्तिभूमीवर पोहोचलो, त्रिसरण-पंचशील घेतले. गर्दीत सर्वांत पुढे त्या आजी होत्या, मोकळ्या हातांनी.

ज्या कुटुंबांना जायचे असेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. खांद्यावरच्या पिशवीत एक लिटर पाणी, भाकरी-चटणी, गूळ-शेंगदाणे, पंचा, विजेरी, नेहमीची औषधे आणि ओळखपत्र एवढेच असावे. बाकी सारे टेम्पोत. प्रत्येक पिशवीवर नाव लिहावे. नवी चप्पल-बूट घालू नयेत, पायाला खोबरेल लावून सुती मोजे घालावेत. मुक्कामी कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवावेत. नगर-मनमाड रस्त्यावर अवजड वाहने फार, म्हणून समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या कडेने, एका ओळीत चालावे. ऑक्टोबरचे ऊन कडक, पहाटे निघावे. दसऱ्याच्या सुमारास शिर्डीत गर्दी असते, टेम्पो आणि राहण्याची जागा आधीच ठरवावी.

आपल्या वाडवडिलांनी परक्यांची ओझी वाहिली. आज आपण हलक्या खांद्याने मुक्तिभूमीकडे चालू शकतो, ही त्यांच्या कष्टांची आणि बाबासाहेबांची देणगी. ती भोगताना आपले ओझे फुकट कुणाच्या डोक्यावर जात नाही ना, एवढे मात्र प्रत्येकाने पाहावे. जय भीम!