काकूचा रहाट

आमच्या काकूच्या विहिरीवरचा रहाट मी मोडला. माझ्या हातून घडलेल्या मोजक्या सुधारणांपैकी ही एक! श्रीवर्धनजवळ आमचे वडिलोपार्जित घर आहे. मागे नारळी-पोफळींची वाडी आणि वाडीत विहीर. रहाट म्हातारा झाला होता आणि काकूही. "आता नुसतं बटण दाबायचं, की पाणी वर," असे सांगून मी विजेचा पंप बसवून दिला, रहाटाची लाकडे बंबात घातली आणि कृतकृत्य होऊन दादरला परतलो. काकू एवढेच म्हणाली, "बाळ, रहाट कुरकुरायचा खरा, पण त्यानं कधी कुणाची वाट पाहायला लावली नाही."

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. वारा ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने घोंघावत होता, आणि मी दादरला पंख्याखाली बसून काकूला फोन लावीत होतो. होय, पंख्याखाली! मुंबई शहरात विजेच्या तारा जमिनीखालून जातात, हे तोवर माझ्या ध्यानातही आले नव्हते. उलट, केबलसाठी रस्ता खणून ठेवला म्हणून वर्तमानपत्राला खरमरीत पत्रे लिहिणाऱ्यांपैकी मी!

फोन लागेना. कोरोनाचे दिवस, त्यामुळे उठून जाण्याचीही सोय नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मुलाने डोंगरावर चढून फोन केला, "काकू बऱ्या आहेत. कौलं उडाली. दारातला खांब आडवा झालाय. विहिरीला पाणी आहे, पण काढायला काही नाही."

त्या शेवटच्या वाक्यानंतर पंख्याचा वारा मला सोसेना. पंचाहत्तरी ओलांडलेली काकू कठड्यावर ओणवी होऊन दोरीने कळशी शेंदते आहे, हे दृश्य डोळ्यांपुढून हलेना. वीज यायला महिना उलटून गेला.

खांब उभा करायला आलेली माणसे भर पावसात राबली. काकूने त्यांना भाकरी वाढली आणि विचारले, "अरे, पुन्हा तसाच खांब? पुढच्या वादळात पुन्हा पडायला?" त्यांच्यातला एकजण म्हणाला, "काकू, मंजुरी तेवढीच आहे. पडलं ते उभं करायचं."

"पडलं ते उभं करायचं!" हे वाक्य माझ्या मनातून गेले नाही. आपण संसारी माणसेही असेच करतो. गळक्या छपराखाली पातेले ठेवतो, छप्पर शाकारीत नाही. सरकारचा संसार तर केवढा! २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात मदतीचा निधी होता, तसा धोका आधीच कमी करण्याचाही होता. पण या दुसऱ्या निधीला खरा आकार आला तो पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशींनंतर. २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी राज्यांकरिता सुमारे १ लाख ६० हजार कोटींची तरतूद सुचवली गेली. त्यातले ८० टक्के मदत आणि पुनर्बांधणीसाठी, २० टक्के धोका आधीच कमी करण्यासाठी. जुन्या हिशेबाने रुपयातले तीन आणे आणि वर थोडे. तेही एकट्या विजेसाठी नव्हेत. पूर, दरडी, दुष्काळ सगळे त्याच पानात जेवणार.

शहाणपण येते, पण बहुधा मार खाल्ल्यावर. ऑक्टोबर २०१४ मध्ये 'हुदहुद' वादळाने विशाखापट्टणमची दैना केली. मग तिथे जागतिक बँकेच्या कर्जातून तारा जमिनीखाली घालण्यात आल्या. आमच्या रायगडातही अलिबाग शहरासाठी असे काम राष्ट्रीय चक्रीवादळ प्रकल्पातून हाती घेतले गेले. तुम्ही म्हणाल, मग सगळीकडेच तारा का पुरीत नाहीत? कारण खांबांच्या मानाने त्याला खर्च कितीतरी पट येतो, आणि बिघाड झाला तर तो शोधायला जमीन उकरावी लागते. शिवाय वारा हा काही एकटाच शत्रू नव्हे. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले. पाणी चढते तिथे उपकेंद्रच उंच जोत्यावर हवे. म्हणजे कुठे जमिनीखाली तार, कुठे भक्कम खांब, कुठे उंच जोते. आणि सर्वांआधी दवाखाना आणि पाण्याची योजना. या कामाचे दुर्दैव असे, की ते चांगले झाले तर काहीच घडत नाही. आणि काहीच न घडल्याबद्दल कोण कुणाला हार घालणार?

मागल्या दिवाळीत काकूकडे गेलो. दारात तोच खांब, तसाच, किंचित वाडीकडे कललेला. विहिरीवर मात्र मी नवा रहाट बसवून घेतला आहे; पंपही आहेच. काकूने रहाटापाशी पणती ठेवली आणि म्हणाली, "सरकार तार पुरेल तेव्हा पुरेल. पण बाळ, आता काही सुधारायचं झालं, तर जुनं मोडण्याआधी मला विचार हो."

परत आलो तो आमच्या गल्लीत केबलसाठी रस्ता खणलेला! सौभाग्यवती म्हणाली, "लिहा आता पत्र." मी लेखणी उचलली, काकूची कळशी आठवली, आणि गुपचूप फळीवरून उडी मारून भाजी आणायला गेलो.