समुद्रापारची सम

गिरगावातल्या वर्गात तबल्याचा कायदा सगळी मुलं एकत्र वाजवतात. कच्चा हात शेजारच्या पक्क्या हाताच्या आधाराने लयीत येतो. न्यू जर्सीतल्या मुलांना ब्राउझरवरून शिकवायला लागल्यावर हा आधार उरला नाही. एवढ्या अंतरावरून दोघांनी एकत्र वाजवणं अशक्य आहे.

नेट कितीही वेगवान घ्या. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो आणि न्यूयॉर्क इथून सरळ रेषेतच साडेबारा हजार किलोमीटर. माझा ठेका तिकडे पोचून त्यावर धरलेली साथ परत यायला किमान सव्वाशे मिलिसेकंद लागतात. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत त्रितालात ही झाली अर्धी मात्रा! केबलची वळणं आणि मधली यंत्रं धरली तर आणखी. मग विद्यार्थी माझ्यासाठी थांबतो, मी त्याच्यासाठी, आणि लय मंदावत जाते.

ब्राउझरमधून थेट संवाद घडवणारं वेबआरटीसी २०११ मध्ये गूगलने खुलं केलं. बोलण्यासाठी ते उत्तमच. तबल्याचं दुखणं वेगळं : माणसाचं बोलणं सोडून बाकी सगळा गोंगाट, असं धरून चालणारी आवाज-सफाई चाटेची आस कापून टाकते, आणि मोबाइलच्या स्पीकरमधून डग्ग्याचा घुमारा येतच नाही. म्हणून नव्या विद्यार्थ्याला आधी सफाई बंद करायला लावतो, कानाला हेडफोन. लेहरा, म्हणजे आवर्तन दाखवत फिरणारी धून, मात्र त्याच्याच खोलीत लागला पाहिजे. तो इथून लावला तर त्याची सम माझ्याकडे उशिरा येते. तिथे लावला की लेहरा आणि तबला दोन्ही सारख्याच उशिराने पोचतात आणि त्याची सम चुकली की बरोबर, हे मला नेमकं कळतं.

बाकी सगळा भार पढंतीवर. मी बोल म्हणायचे, त्याने टाळी-खाली धरून ते म्हणायचे, मग वाजवायचे. पलुस्कर-भातखंड्यांनी स्वरलिपीतली पुस्तकं छापून गाणं दूरच्या माणसापर्यंत नेलं, पण पुस्तकाला शिकणाऱ्याचं चुकलेलं ऐकू येत नव्हतं. मला येतं, तेही त्याच आवर्तनात. या माध्यमाची खरी देणगी मला हीच वाटते.

साथसंगत मात्र मी पडद्यावर शिकवत नाही. तिथल्याच एखाद्या भजनी मंडळात बसायचं, ही माझी अट असते. एकाने केलेलं रेकॉर्डिंग परवाच ऐकलं. गजराला लय कुठे चढली, ते आता पुढच्या तासाला दोघं मिळून शोधू.