एक वर्षाचा पासपोर्ट

पासपोर्ट ही पैसेवाल्यांची चैन आहे, असं आपल्या चळवळीत अजूनही अनेकांना वाटतं. शिबिरात आपण जातीच्या दाखल्यावर बोलतो, रेशनकार्डावर बोलतो, शिष्यवृत्तीवर तर तासन् तास बोलतो. पासपोर्टवर कुणी बोलत नाही. पण गेल्या काही वर्षांत आंदोलनांत ज्या पोरापोरींवर गुन्हे दाखल झाले, त्यांचं शिक्षण, नोकरी आणि संसार या छोट्या निळ्या पुस्तकापाशी येऊन अडतो आहे. म्हणून हा लेख. यात माझी गोष्ट आहे, पण प्रश्न माझ्या एकट्याचा नाही.

माझी सहचारिणी नर्स आहे. दोन वर्षांपूर्वी ती जर्मनीत कामाला गेली. मी कोल्हापुरात एका सामाजिक संस्थेत मानधनावर काम करतो. आमचं लग्न बौद्ध पद्धतीनं झालं, त्याची रीतसर नोंदणी आहे. कुटुंब एकत्र राहण्यासाठी जो व्हिसा लागतो त्याचा अर्ज मी केला आहे आणि तो प्रलंबित आहे. हा निर्णय लागायला कित्येक महिने जातात. तोवर निदान दोन-तीन आठवडे भेटून यावं, इतकी साधी इच्छा.

आमच्याकडं बाई बाहेर आणि पुरुष घरी वाट बघतोय हे चित्र लोकांना पचत नाही. "बायकोच्या मागं जाणार काय रं?" हे मी वस्तीत ऐकलं, आणि चळवळीतल्या माणसांकडूनही ऐकलं. नवरा परदेशी आणि बायको गावाकडं असती, तर कुणी एक शब्द बोललं नसतं. ते असो. खरी अडचण लोकांच्या बोलण्याची नव्हती, माझ्यावर असलेल्या एका खटल्याची होती.

काही वर्षांपूर्वी एका अत्याचाराच्या प्रकरणात आम्ही बिंदू चौकातून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला. कुणाला ओरखडा उठला नाही, कशाची मोडतोड झाली नाही. तरी जमावबंदीचा भंग केला म्हणून पंचवीस-तीस जणांवर गुन्हा दाखल झाला, पुढं दोषारोपपत्र गेलं. तेव्हापासून कसबा बावड्याच्या न्यायालयात तारखा चालू आहेत. साक्षीदार आला तर साहेब रजेवर, साहेब असले तर साक्षीदार नाही.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. पासपोर्ट कायदा १९६७ चा. त्याचं कलम ६(२)(फ) सांगतं की अर्जदारावर भारतातल्या फौजदारी न्यायालयात एखाद्या गुन्ह्याचा खटला प्रलंबित असेल, तर पासपोर्ट नाकारता येतो. गुन्हा कोणता, लहान की मोठा, याचा भेद त्यात नाही. बँक बुडवणारा आणि मोर्चात चालणारा एकाच ओळीत. यातून वाट आहे ती २५ ऑगस्ट १९९३ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेची. त्यानुसार संबंधित न्यायालयानं परदेशी जायला परवानगी दिली तर पासपोर्ट मिळतो. न्यायालयानं आदेशात मुदत लिहिली असेल तर तेवढ्या मुदतीचा. मुदत लिहिली नसेल तर फक्त एक वर्षाचा.

साध्या नागरिकाला दहा वर्षांचा पासपोर्ट आणि मोर्चातल्या कार्यकर्त्याला एक वर्षाचा. माझा जुना पासपोर्ट संपला आणि नवीन आला तो असा, एका वर्षाचा.

कुणी म्हणेल, एक वर्ष तर एक वर्ष, भेटून यायला पुरे झालं की! इथंच खरी मेख आहे. पासपोर्टवर छापलेली मुदत आणि तुम्हाला प्रत्यक्ष वापरता येणारी मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. युरोपातल्या शेंगेन देशांचा नियम असा की तुम्ही तिथून ज्या दिवशी निघणार, त्यानंतर किमान तीन महिने पासपोर्ट चालू असला पाहिजे, तो गेल्या दहा वर्षांत काढलेला असला पाहिजे आणि त्यात दोन पानं कोरी असली पाहिजेत. आखाती देशांत बहुतेक ठिकाणी सहा महिने शिल्लक लागतात. म्हणजे बारा महिन्यांतले तीन महिने आधीच गेले. उरले नऊ. त्यात व्हिसा केंद्राची तारीख मिळायला वेळ, मुंबई-पुण्याच्या फेऱ्या, अर्ज दिल्यावर साधारण पंधरा दिवस, कधी पंचेचाळीस दिवसांपर्यंत वाट. आणि कुटुंबाच्या व्हिसाचा अर्ज तर या एका वर्षापेक्षा जास्त काळ लोंबकळू शकतो. तो मंजूर होण्याआधी पासपोर्टच संपला तर पुन्हा न्यायालय, पुन्हा परवानगी, पुन्हा नवा क्रमांक, पुन्हा तिकडं कळवाकळवी. न्यायालयानं मला शिक्षा दिलेली नाही. खटला अजून सुरूही नीट झालेला नाही. पण शिक्षा चालू आहे.

दुसरी भिंत व्हिसाची. भेटीचा व्हिसा मागताना तुम्हाला पटवून द्यावं लागतं की तुम्ही मुदत संपण्याआधी परत जाणार. शेंगेन व्हिसा नाकारण्याच्या छापील कारणांत एक कारण हेच असतं, की अर्जदार वेळेत परत जाईल याबद्दल वाजवी शंका आहे. आणि ज्याची बायको तिथं राहते, ज्याचा कायम राहण्यासाठीचा अर्ज आधीच त्यांच्या टेबलावर आहे, त्याच्याबद्दल शंका घ्यायला कारण शोधावं लागत नाही. म्हणजे मी प्रामाणिकपणे एक अर्ज केला, तोच दुसऱ्या अर्जाच्या आड येतो.

अर्ज भरून देणाऱ्या एका एजंटाकडं गेलो. त्यानं यादी काढली. सातबारा, घराचा उतारा, मालमत्तेचं मूल्यांकन, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, मुदत ठेवी. मी म्हटलं, यातलं माझ्याकडं जवळपास काही नाही. तो म्हणाला, "मग तुम्ही परत येणार हे त्यांना कशावरून कळायचं?"

समाजशास्त्राचा विद्यार्थी म्हणून या वाक्यावर मी खूप विचार केला. माणसाचं आपल्या मातीशी नातं किती घट्ट आहे, हे मोजायचं माप काय? जमीन. ज्या समाजाला शेकडो वर्षं जमीन धरू दिली नाही, गावकुसाबाहेर ठेवलं, वतनाच्या नावाखाली वेठबिगारी करून घेतली, त्याच्या नातवाला आज विचारलं जातं की तुझ्या नावावर इथं काय आहे? व्हिसा अधिकाऱ्याला जात माहीत नसते. पासपोर्टवर जातही नसते, धर्मही नसतो. पण तो जे कागद मागतो, त्या कागदांत जात मुरलेली असते. माझी वस्ती, माझे आईवडील, दर आठवड्याला ज्या मुलांची अभ्यासिका मी घेतो ती मुलं, या गोष्टींचा उतारा तलाठी देत नाही.

शेवटी मला वीस दिवसांचा व्हिसा मिळाला. कसा मिळाला? संस्थेचं पत्र, रजेचा कालावधी, परतीचं तिकीट, तिच्या पगाराच्या चिठ्ठ्या, तिनं तिथल्या कार्यालयात जाऊन दिलेलं खर्चाचं हमीपत्र, तीस हजार युरोचा आरोग्य विमा. आणि एका साध्या पत्रात मी स्पष्ट लिहिलं की माझा कुटुंब व्हिसाचा अर्ज प्रलंबित आहे, तो मी लपवत नाही, आणि त्याचा निर्णय भारतातच घ्यायला मी परत येणार आहे. भेटीच्या व्हिसावर जाऊन तिथंच राहण्याचा परवाना काढायचा, हे सर्वसाधारणपणे चालत नाही. त्यामुळं परत येणं माझ्याच हिताचं होतं, हेही लिहिलं.

वीस दिवस राहिलो आणि आलो. गंमत बघा. आपला कायदा मला एक वर्षाचा पासपोर्ट देतो, कारण खटला असलेला माणूस पळून जाईल अशी त्याला भीती. आणि मला ठरल्या दिवशी परत यायला भाग पाडणाऱ्या गोष्टींत सगळ्यात वरती काय होतं? त्याच खटल्याची पुढची तारीख.

पळणारे कसे पळतात हे देशानं पाहिलं आहे. विजय मल्ल्या मार्च २०१६ मध्ये गेला. नीरव मोदी १ जानेवारी २०१८ ला देशाबाहेर गेला, हे तपास यंत्रणेनंच सांगितलं. तारीख लक्षात घ्या. त्याच दिवशी भीमा कोरेगावला जाणाऱ्या आपल्या लोकांवर दगड पडत होते. दोन दिवसांनी महाराष्ट्र बंद झाला आणि राज्यभर आपल्या तरुणांवर गुन्हे दाखल झाले. हजारो कोटींचा आरोपी विमानात बसून गेला, आणि आमची पोरं अजून तारखांना जातात.

चळवळीतला एक तरुण मित्र मला म्हणाला, "दादा, आधी गावच्या स्मशानभूमीचा प्रश्न सोडवू, मग जर्मनीचं बघू." त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. परदेशी गेलेले किती जण समाजाकडं वळून बघतात, हा त्याचा रागही मी समजू शकतो. पण हे दोन प्रश्न एकमेकांच्या विरोधात उभे करायचं कारण नाही. बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला गेले, तेव्हा हिंदुस्थानातून बाहेर पडायला पासपोर्ट सक्तीचा नव्हता. ती सक्ती पहिल्या महायुद्धाच्या काळात आली आणि १९२० साली पासपोर्टचा कायदा झाला. त्याच १९२० च्या मार्चमध्ये आपल्या जिल्ह्यातल्या माणगावला परिषद झाली, शाहू महाराज तिथं आले, आणि काही महिन्यांनी बाबासाहेब अपुरं शिक्षण पुरं करायला लंडनला गेले. माणगाव आणि लंडन यांतलं एक निवडा, असं त्यांना कुणी म्हटलं नाही.

आणि त्या वर्षांत मुंबईत रमाई होती. तिचा त्याग आपण दरवर्षी जयंतीला सांगतो. सांगावाच. पण जोडीदारापासून दूर राहणं ही आपल्या माणसांची ठरलेलीच गोष्ट आहे, असा अर्थ त्यातून काढू नये. रमाईनं जे सोसलं ते गरिबीमुळं आणि काळामुळं. आज आपण जे सोसतो त्यातलं बरंचसं एका अधिसूचनेमुळं आहे, आणि अधिसूचना बदलता येते.

परदेशवारी आता मूठभरांची राहिलेली नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी दहा हजार कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. नर्स, वॉर्डबॉय, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर. ही कामं करणारी मुलं कुठल्या घरांतून येतात? राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं असलेल्या परदेश शिष्यवृत्तीवर दरवर्षी पंचाहत्तर विद्यार्थी जाऊ शकतात. दहावी न झालेले मजूर आखातात जातात. त्यांच्या पासपोर्टवर वेगळी नोंद असते, आणि २०१८ च्या जानेवारीत तर त्यांना वेगळ्या नारिंगी रंगाचा पासपोर्ट द्यायचं सरकारनं जाहीर केलं होतं. टीका झाली, तेव्हा त्याच महिन्यात मागं घेतलं. बोललं की मागं घेतात, एवढं त्यातून शिकावं.

म्हणून कार्यकर्त्यांना काही गोष्टी सांगतो.

पासपोर्ट आजच काढा, गरज नसली तरी. पूर्वी पुण्याला जावं लागायचं, आता कोल्हापुरात पोस्टातच सेवा केंद्र आहे. दहा वर्षांच्या साध्या पासपोर्टला पंधराशे रुपये लागतात. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरण करता येतं. शाळेचा दाखला, आधार आणि लग्नाचा दाखला यांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते बघा. बौद्ध पद्धतीनं लग्न झालं असेल तर नुसते फोटो आणि विहाराचं प्रमाणपत्र यांवर थांबू नका, महापालिका किंवा ग्रामपंचायतीत नोंदणी करा. भारतात केलेलं अपॉस्टिल जर्मनी मानत नाही, तिथलं कार्यालय कागदांची इथं येऊन पडताळणी करायला सांगू शकतं. नोंदवहीत नाव नसेल तर संसार सिद्ध होत नाही.

गुन्हा दाखल असेल तर अर्जात लपवू नका, खोटी माहिती देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. पण घाबरूही नका. नुसता एफआयआर म्हणजे न्यायालयात प्रलंबित खटला नव्हे, असं अनेक उच्च न्यायालयांनी म्हटलं आहे. खटला चालू असेल तर परवानगीच्या अर्जातच वकिलांकरवी पासपोर्टची मुदत मागा, आणि ती आदेशात लिहून घ्या. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आहे, खालच्या कोर्टात दाद मिळाली नाही तर मुंबई गाठायची गरज उरलेली नाही. व्हिसाचा अर्ज मात्र पहिल्याच वेळी पूर्ण करा. नकाराविरुद्ध दूतावासाकडंच फेरविचार मागायची सोय जर्मनीनं १ जुलै २०२५ पासून बंद केली आहे. आता एक तर नवा अर्ज, नाही तर बर्लिनचं न्यायालय.

आणि मागणी काय? जीवितहानी नसलेले सामाजिक आंदोलनांतले खटले मागं घेण्याचे शासन निर्णय राज्य सरकार वेळोवेळी काढतं. जिल्ह्यात किती खटले त्यात बसतात, किती प्रत्यक्ष मागं घेतले, हे माहितीच्या अधिकारात विचारा. दुसरी मागणी केंद्राकडं. १९९३ च्या अधिसूचनेत किरकोळ आणि आंदोलनाच्या गुन्ह्यांना वगळा. परदेशी जाण्याचा हक्क कलम २१ मधल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९६७ साली सतवंत सिंग खटल्यात आणि १९७८ साली मनेका गांधी खटल्यात सांगितलं आहे. तो हक्क एक-एक वर्षाच्या तुकड्यांत वाटायची गोष्ट नाही.

माझा पासपोर्ट आता चार महिन्यांनी संपतो. कुटुंबाच्या व्हिसाचं उत्तर आलेलं नाही. पुढच्या तारखेला नव्या परवानगीचा अर्ज देणार आहे, आणि आमच्यासोबत त्या मोर्चात असलेल्या बाकीच्यांनाही तो एकत्रच द्यायला सांगितलं आहे. त्यातल्या निम्म्यांनी अजून पासपोर्टच काढलेला नाही. सुरुवात तिथूनच करायची आहे.

जय भीम!