पायाचं माप

दिवाळीत केमला गेले होते. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी पुतण्यानं मोबाइल पुढे केला. "आत्या, हे बघ. अठरा हजारांत पडतंय." स्क्रीनवर स्कीची एक जुनी जोडी होती, बाइंडिंगसकट, दिल्लीतल्या कुणीतरी विकायला काढलेली. फेब्रुवारीत तो आणि त्याचे तीन मित्र गुलमर्गला निघालेत. चौघांचीही पहिलीच नोकरी, प्रत्येकाचे साठवलेले पंचवीस-तीस हजार. मला दाखवायचं कारण एवढंच, की आमच्या घरात पायाला स्की बांधून बर्फात उभी राहिलेली मी एकटीच. तेही त्याला माझ्या एका जुन्या फोटोवरून कळलेलं. बाकी घरात कुणाला ठाऊक नाही, असं मी सहा-सात वर्षं धरून चालले होते.

"घेऊ नकोस," मी म्हणाले. "का पण?" "सांगते." आणि सांगायचं म्हटलं तर सगळंच सांगावं लागणार होतं.

ज्यांना केम माहीत नाही त्यांच्यासाठी: दौंड-सोलापूर लाइनवर जेऊर सोडलं की कुर्डुवाडीच्या अलीकडचं स्टेशन. करमाळा तालुका, उत्तरेश्वराचं देऊळ आणि कुंकवाचे कारखाने. पंढरपुरात कपाळाला लागणारं कुंकू बऱ्याचदा आमच्याकडून गेलेलं असतं. अण्णांचाही तोच धंदा. लहानपणी शाळेचा पांढरा सदरा कधी पांढरा राहिला नाही. बर्फ पहिल्यांदा पाहिला तो वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, उत्तराखंडमधल्या औलीला. जोशीमठहून चार किलोमीटरचा रोपवे तेव्हा चालू होता. (जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचायला लागली, घरांना तडे गेले आणि तो बंद करावा लागला.) मी सात दिवसांच्या शिकाऊ कोर्सला गेले होते. घरी सांगितलं होतं, मैत्रिणींबरोबर देवदर्शनाला चाललेय.

पाचव्या दिवशी दुपारी पडले. वेगात नाही, जवळजवळ उभ्या उभ्या. डावी स्की जडशा बर्फात अडकली, मी मागे बसले, आणि गुडघ्यात ताग तुटावा तसा आवाज आला. लिगामेंट. पुण्यात ऑपरेशन झालं, एक एफडी मोडली, सहा महिने फिजिओथेरपी. विम्यात साहसी खेळ वगळलेले होते, हे मला अर्ज भरायला बसल्यावर कळलं. अण्णांना सांगितलं, जोशीमठला नृसिंहाच्या देवळाच्या पायऱ्यांवर बर्फ होता, घसरले. खोटं बोलताना देवाचं नाव घेतलं की लोक पुढे फार विचारत नाहीत. अण्णांनी नीरा नरसिंहपूरला नवस बोलला. माझा गुडघा पुरता वाकायला लागल्यावर जाऊन फेडलाही, शेवटचे काही किलोमीटर अनवाणी चालत. तेव्हा ते बहात्तर वर्षांचे होते. मला हे वहिनीनं फोनवर सांगितलं आणि मी "बरं" म्हणाले.

पुतण्याला हे सगळं सांगितलं. तो जरा वेळ गप्प बसला आणि मग त्याच्या वयाला साजेसा प्रश्न विचारला, "म्हणजे मी जाऊ नको?"

जा. पण स्की विकत घेऊ नकोस.

माझं त्या वेळी काय चुकलं ते नंतर खूप वाचल्यावर समजलं. माझा पाय २३.५ सेंटीमीटरचा. भाड्यानं मिळालेला बूट २५.५ चा होता, कारण थंडीसाठी मी दोन जोड मोजे घालून गेले होते आणि सैल बूट मला सुखाचा वाटला. स्कीचा बूट दुकानात सुखाचा वाटला तर बहुधा चुकीचा असतो. त्याचं माप पायाच्या लांबीचं, थेट सेंटीमीटरमध्ये. मोजा एकच, पातळ, नडगीपर्यंत. आतलं मऊ अस्तर काढून नुसत्या कवचात पाय घालायचा, बोटं पुढे टेकवायची. टाचेमागे एक ते दोन बोटं जागा राहिली तर माप बरोबर. बक्कल लावल्यावर गुडघे पुढे झुकवले तरी टाच उचलली जाता कामा नये. माझी टाच आत चांगली वर-खाली होत होती. म्हणजे मी पाय वळवायचे, बूट वळायचा नाही आणि स्की तर त्याहून नाही.

दुसरं म्हणजे बाइंडिंग. बूट स्कीला धरून ठेवणारा आणि पडल्यावर सोडणारा हा खटका. किती जोरावर सुटायचं याचा आकडा असतो आणि तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्ही किती बेधडक चालवता यावरून ठरतो. मला कुणी वजनही विचारलं नाही, आणि मीही ते सांगायला फार उत्सुक नव्हते. नवशिक्यानं "मी अगदीच नवा आहे" असं सांगण्यात लाज धरू नये. खरं सांगायचं तर आकडा बरोबर असता तरी माझा गुडघा वाचलाच असता असं नाही. हे खटके मुख्यतः नडगीचं हाड मोडू नये म्हणून बनले, मागे बसून पिळवटलेल्या गुडघ्यापुढे त्यांचं फारसं चालत नाही. पण म्हणूनच जुनी, कुणा भलत्याच्या बुटाला लावलेली बाइंडिंगची जोडी अठरा हजारांना घेणं मला पटत नाही. ती तपासून, बसवून द्यायला केममध्ये कोण आहे? पुण्यात तरी कोण आहे? स्की भाड्यानं घ्याव्यात, हनुवटीपर्यंत येतील एवढ्याच. पुढेमागे खरंच नाद लागला तर आधी बूट घ्यावेत, स्की सगळ्यात शेवटी.

पैसे घालायचे ते अंगाला लागणाऱ्या गोष्टींवर. आपल्याकडची सुती बनियन घाम शोषते आणि मग लिफ्टच्या रांगेत बर्फाची होते. पॉलिस्टरचा किंवा लोकरीचा पातळ थर घ्यावा. पाणी न शिरणारे हातमोजे, आणि एक जोड जास्तीचा. गॉगल. हेल्मेट भाड्याचं चालतं, पण डोक्याला बसेल असंच. सनस्क्रीन, हे पोरांना हसू येतं म्हणून दोनदा सांगितलं. प्रीपेड सिमकार्ड तिकडे चालत नाही, चौघांत एक तरी पोस्टपेड हवं. आणि विमा घेताना स्कीइंग शब्द लिहिलेला आहे का, हे वाचायचं.

तारखांवरून आमचा वाद झाला. त्याला जानेवारीतली स्वस्त तिकिटं मिळत होती. काश्मीरमधली कडाक्याची थंडी, चिल्लई कलान, २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांची. पण थंडी म्हणजे बर्फ असं आता राहिलेलं नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग महिनाअखेरपर्यंत जवळजवळ कोरडं होतं. २०२५ मध्ये तिथले खेलो इंडियाचे सामने फेब्रुवारीतून मार्चवर ढकलावे लागले, बर्फ नाही म्हणून. पावसाची वाट बघण्यात आमच्या तालुक्याचा हात कोण धरणार, त्यामुळे हे त्याला लगेच पटलं. फेब्रुवारीचा मधला आठवडा ठरला, तिकिटं रद्द करता येतील अशी. तिथे सरकारी संस्था आहे, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनियरिंग. तिचे कोर्स आधी भरतात, तिथे जागा मिळाली तर उत्तम.

मग तो गोंडोलावर आला. दुसऱ्या टप्प्यापर्यंत, अफरवाटच्या खांद्यावर, जवळपास ३,९५० मीटरवर जायचं आणि तिथून पावडर स्नोमधून खाली. व्हिडिओ पाहिलेले.

मी त्याला कारखान्याच्या मागच्या खोलीत नेलं. पावडर आपल्याला नवी नाही. ढीग वाढत जातो, एका उताराला येऊन थांबतो, वर आणखी घमेलंभर ओतलं की एक बाजू सरकन खाली येते. लहानपणी आम्ही हाच खेळ करायचो आणि मार खायचो. हिमस्खलनंही बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात, म्हणजे नेमकी स्की करायला मजा येते तिथे. फरक एवढाच, की कुंकू सुटं सुटं घसरतं. डोंगरावर कित्येकदा वरचा थर अख्खा फरशीसारखा सुटतो, आणि तो बहुधा पडणाऱ्याच्याच वजनानं. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवाटच्या बाजूला दोन परदेशी स्कीअर असे गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये आणखी एक. ते नवशिके नव्हते. पहिल्या आठवड्यात तुमची जागा खालच्या मैदानातल्या बारक्या उतारावर. गोंडोलात बसा, फोटो काढा, गोंडोलानंच खाली या.

"आणि तोवर?" "उठाबशा." तो हसला. आपण उकिडवं बसणारी माणसं, घोटे चांगले वाकतात, हा फायदा आहे. पण भीती वाटली की आपण बसतो, आणि स्कीवर मागे बसलं की संपलं. नडगी बुटाच्या जिभेवर रेललेली पाहिजे, सतत. मी भिंतीला धरून त्याला करून दाखवत होते, तेव्हा दारात अण्णा उभे होते. किती वेळ, कोण जाणे.

"काय चाललंय?"

पुतण्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "अण्णा, हा गुलमर्गला बर्फावर घसरायचं शिकायला चाललाय. मी औलीला गेले होते तसा."

ते आत आले, पोत्यावर बसले. "जोशीमठच्या पायऱ्या," ते म्हणाले, "मी नंतर एकाला विचारलं होतं. गेला होता तो यात्रेला."

"मग तुम्ही काही बोलला नाहीत."

"गुडघा तर खरा होता की." मग पुतण्याकडे वळून, "बूट कुणाचे घालणार?"

भाड्यानं, पायाच्या मापाचे, असं त्यानं सांगितलं. अण्णांनी बिलबुकाच्या मागचा कोरा कागद फाडला, जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवला. "टाच लाव. मोजा काढ. सगळं वजन पायावर टाक." आणि कानावरची पेन्सिल काढून अंगठ्यापाशी उभी धरली, रेघ मारली. मग दुसरा पाय. पट्टी मी लावली. उजवा २६.३, डावा २६.६.

"दोन्ही सारखे नाहीत," अण्णा म्हणाले. "मोठ्याचं लिही."