आरशांचा ग्रंथ

‘द सायलेंट फ्लूट’ या चित्रपटाची कल्पना घेऊन ब्रूस ली, जेम्स कोबर्न आणि स्टर्लिंग सिलिफंट १९७१मध्ये चित्रणस्थळांच्या शोधात भारतात हिंडले. तो योग आला नाही. लीच्या निधनानंतर, १९७८मध्ये ‘सर्कल ऑफ आयर्न’ या नावाने अवतरलेला हा युद्धकलापट उपेक्षितच राहिला. त्यातील अंध गुरू आणि नायकाचे तीन प्रतिस्पर्धी डेव्हिड कॅरडाइन हा एकच नट साकारतो; गुरू आणि शत्रू यांचा चेहरा एकच ठरतो. अखेरीस हाती आलेल्या ज्ञानग्रंथाच्या पानोपानी आरसे निघतात. चांगदेवाच्या कोऱ्या पत्राची आख्यायिका जाणणाऱ्या मराठी वाचकाला ही केवळ क्लृप्ती वाटणार नाही. मात्र आरसा नसला तरी मुख असतेच, हे ‘चांगदेव पासष्टी’चे मर्म. नायकही ग्रंथ तिथेच ठेवून परततो. आरशापेक्षा हे परतणे अधिक अर्थगर्भ आहे. त्यासाठी हा चित्रपट पुन्हा पाहायला हवा.