ड्रम, वल्ही आणि बाबा

ड्रॅगन बोटीत वीस जण वल्ही मारतात. मागे सुकाणूवाला, पुढे ड्रमवाला. हा ड्रमवाला उलटा बसतो, बरं का! पाठ फिनिश लाइनकडे आणि तोंड आपल्या माणसांकडे. सगळ्यात पुढची जोडी लय धरते आणि ड्रम ती मागच्यांपर्यंत पोचवतो. एकाचं वल्हं जरी चुकलं तरी सगळी बोट अडखळते.

३१ मे २०२५. हाँगकाँगला ड्रॅगन बोट फेस्टिव्हलची सुट्टी होती. स्टॅन्लीच्या बीचवर आई, बाबा, दादा आणि मी हजर. वहिनी मात्र पाण्यात. तिच्या ऑफिसची टीम होती ना! १९७६ मध्ये हाँगकाँगने या जुन्या खेळाची आंतरराष्ट्रीय रेस सुरू केली. आता तर एरवी प्रेझेंटेशन देणारी मंडळीही वल्ही घेऊन उतरतात.

दादा दोन वर्षांसाठी म्हणून गेला, त्याला नऊ वर्षं झाली. बाबांचा प्रश्न ठरलेला, "परत कधी येताय?" दादाचं उत्तरही ठरलेलं, "बघू." या ट्रिपमध्ये तो विषय निघणार हे सगळ्यांनाच माहीत होतं. निघाला तो तेवीसशे वर्षांपूर्वीच्या एका कवीमुळे!

छ्यू युआन हा छू राज्यातला मंत्री आणि कवी. दरबारी राजकारणात हद्दपार झाला. इसवी सनापूर्वी २७८ मध्ये शत्रूने राजधानी घेतली, तेव्हा त्याने मिलुओ नदीत जीव दिला. लोक होड्या घेऊन धावले, माशांनी त्याला खाऊ नये म्हणून पाण्यात भात टाकला, अशी कथा. त्या होड्यांची ही रेस आणि त्या भाताचे हे पानात बांधून शिजवलेले झोंगझी. आईने मुगाचं व्हेज झोंगझी शोधून खाल्लं आणि सर्टिफिकेट दिलं, "पातोळ्यांची लांबची बहीण!"

बाबा म्हणाले, "म्हणजे घर सुटलेल्या माणसाचा सण."

"त्याला हाकललं होतं, बाबा," दादा शांतपणे म्हणाला. "मी माझ्या मर्जीने आलोय. आणि मला इथे बरं वाटतं."

नऊ वर्षांत हे वाक्य पहिल्यांदाच कोणीतरी बोललं. बाबा गप्प. आई उगाच पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली.

तेवढ्यात ड्रम वाजायला लागला.

"अहो, ती बघा, लाल टोपी!" आई ओरडली. बाबा उठले. वर्ल्ड कप फायनललाही जागचे न हललेले बाबा चक्क "चल गं, चल गं!" करत होते. वहिनीची बोट चौथी आली. बाबांनी टाळ्या मात्र पहिल्या नंबराच्या वाजवल्या.

परतीच्या डबल डेकरमध्ये बाबा म्हणाले, "आज ज्येष्ठ शुद्ध पंचमी. यांचीही पाचव्या महिन्याची पंचमीच की! पुढच्या वर्षी कधी आहे रे?"

दादाने मोबाइलमध्ये बघितलं. "१९ जून."

"बरोबर. मध्ये अधिक ज्येष्ठ येतोय." बाबा थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "तिकिटं लवकर काढलेली बरी."